बोगस जर्नलांवरच्या संशोधनाने नेमकं काय बदललं, हे मोजायचं कसं?

पैसे घ्यायचे, तपासणीचं नाटक करायचं आणि आठ दिवसांत पेपर छापून द्यायचा, असा धंदा करणाऱ्या जर्नलांना आपण बोगस म्हणतो. अभ्यासक त्यांना प्रीडेटरी जर्नल म्हणतात. या धंद्यावर गेली पंधराएक वर्षं जगभर संशोधन होतंय आणि त्यात भारताचं नाव सारखं येतं. फिनलंडच्या शेन आणि ब्यर्क यांनी २०१५ मध्ये अंदाज मांडला, की २०१० साली अशा जर्नलांत सुमारे ५३ हजार लेख छापले गेले आणि २०१४ साली ४ लाख २० हजार. लेखकांपैकी जवळपास ३५ टक्के भारतातले होते. मराठवाड्यातल्या कॉलेजात काम केलेल्या कुणालाही हे वाचून नवल वाटणार नाही. सेमिनारच्या नावाने निघणारे विशेषांक, प्लेसमेंटसाठी म्हणजे बढतीसाठी घाईघाईने जमवलेले पेपर, कायम नोकरीच्या आशेवर सीएचबीच्या म्हणजे तासिका तत्त्वावरच्या तुटपुंज्या मानधनातून छपाईची फी भरणारी तरुण मुलं, हे सगळं आपण जवळून पाहिलंय.

इतकं संशोधन झालं, त्याने फरक काय पडला? एखाद्या प्राध्यापकाने पैसे भरण्याआधी हात आवरला का? विद्यापीठाने नियम बदलला का? हे मोजायला शिकायचं असेल तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील. ग्रंथालयशास्त्रात नुकतीच पीएच.डी.ची नोंदणी केलेले विद्यार्थी, कॉलेजचे ग्रंथपाल आणि आयक्यूएसीची म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची जबाबदारी अंगावर आलेले प्राध्यापक डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितोय. महागडी साधनं लागत नाहीत. इंटरनेट, एक्सेल आणि चिकाटी असली की भागतं.

पायरी १ : दोन प्रश्नांची सरमिसळ होऊ देऊ नका

नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. बोगस जर्नलांत छापलेल्या पेपरांचा परिणाम किती, हा एक प्रश्न. बोगस जर्नलांविषयी जे संशोधन झालं त्याचा परिणाम किती, हा दुसरा. पहिल्यावर चांगलं काम झालेलं आहे. अशा जर्नलांत २०१४ मध्ये आलेले २५० लेख ब्यर्क आणि सहकाऱ्यांनी निवडले आणि पाच वर्षांत त्यांना किती सायटेशन मिळाली, म्हणजे दुसऱ्या लेखांत त्यांचा संदर्भ किती वेळा आला, ते गूगल स्कॉलरवर पाहिलं. सरासरी निघाली २.६. ५६ टक्के लेखांना एकही सायटेशन नव्हतं. स्कोपस या निवडक जर्नलांच्या डेटाबेसमधल्या लेखांची सरासरी त्याच काळात १८.१ होती आणि तिथे कोरे राहिलेले लेख फक्त ९ टक्के. म्हणजे बोगस जर्नलात टाकलेल्या पेपरचा निम्म्याहून जास्त वेळा कुणी संदर्भही देत नाही.

आपल्याला हवाय तो दुसरा प्रश्न. सिनॉप्सिसमध्ये तो एका वाक्यात लिहा आणि त्यात कोणतं संशोधन, कुणावरचा परिणाम आणि कोणता काळ हे तिन्ही आणा. उदाहरणार्थ, ‘२०१८ च्या अमुक अभ्यासाचा लातूर जिल्ह्यातल्या अनुदानित महाविद्यालयांच्या प्रकाशनांवर २०१६ ते २०२३ या काळात काय परिणाम झाला?’ एवढं नेमकं नसेल तर आरआरसीत म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन आणि मान्यता समितीत पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

पायरी २ : एकच अभ्यास निवडा आणि तो पुरता वाचा

सगळं क्षेत्र एकदम कवेत घ्यायला जाऊ नका. सुरुवातीला एक पेपर पुरे. माझी शिफारस ‘करंट सायन्स’मध्ये मार्च २०१८ मध्ये आलेल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांच्या पेपरची. काम पुण्यात झालेलं, विषय यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीचा आणि त्याची झळ थेट आपल्या कॉलेजांपर्यंत आलेली.

त्यातले आकडे वहीत उतरवून घ्या. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली ५,६९९ जर्नलं होती. त्यातली १,३३६ यादृच्छिक पद्धतीने निवडली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या तशाच डेटाबेसमध्ये असलेली ३२७ बाजूला काढून उरलेली १,००९ तपासली. ३४.५ टक्के पहिल्याच चाळणीत गळाली, कारण पत्ता, वेबसाइटचा तपशील, संपादकांची नावं अशी साधी माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिलेली निघाली : चुकीचा आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक), इम्पॅक्ट फॅक्टरचा (सायटेशनवरून काढलेल्या मानांकाचा) खोटा दावा, संशयास्पद डेटाबेसमध्ये नोंद असल्याची बढाई. या दोन आकड्यांची बेरीज ८६.८ येते, पण पेपरचा स्वतःचा निष्कर्ष असा, की विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या आणि स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये इंडेक्स नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात.

हे शेवटचं वाक्य शब्दन् शब्द लक्षात ठेवा. ‘यूजीसीच्या यादीतली ८८ टक्के जर्नलं बोगस’ असं कुणी लिहिलं असेल तर तो आकडा वाटेत वाकलेला आहे, कारण पूर्ण यादी ३८ हजारांहून मोठी होती आणि पेपर तिच्या एका भागाबद्दलच बोलतो. संशोधन किती दूर पोचलं याच्या जोडीने ते पोचताना किती शाबूत राहिलं, हेही मोजायचं असतं. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘आकडा नीट उद्धृत केला की नाही’ असा वेगळा कॉलम आत्ताच करून ठेवा. पुढे सगळ्यात रंजक निष्कर्ष बहुधा याच कॉलममधून निघतील.

पायरी ३ : सायटेशन मोजा, पण वाचून मोजा

गूगल स्कॉलरवर पेपर शोधला की त्याखाली सायटेशनचा आकडा दिसतो. तो उचलून प्रबंधात टाकण्याचा मोह होईल. टाकू नका. गूगल स्कॉलर चांगलं आणि वाईट जर्नल वेगळं करत नाही. आपल्या विषयात तर हे फारच नडतं, कारण बोगस जर्नलांविरुद्ध लिहिलेले काही लेख बोगस जर्नलांतच छापून आलेले असू शकतात. म्हणून दोन आकडे काढा : एक सरसकट, दुसरा तपासून घेतलेल्या जर्नलांमधला.

यादी उतरवून घ्यायला ‘पब्लिश ऑर पेरिश’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. गूगल स्कॉलरमधून ते एका वेळी हजारापर्यंत नोंदी आणतं. ‘ओपनअ‍ॅलेक्स’ हा खुला डेटाबेस २०२२ पासून सुरू आहे. तिथून थेट एक्सेलमध्ये घेता येईल अशी फाइल मिळते. स्कोपस पाहायचं असेल आणि कॉलेजात सोय नसेल, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करून जा.

मग प्रत्येक सायटेशन उघडा आणि ज्या वाक्यात आपल्या पेपरचं नाव आलंय ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. काम कंटाळवाणं आहे, पण खरं मोजमाप इथेच होतं. काही जण प्रस्तावनेत पाच नावांच्या ओळीत एक म्हणून उल्लेख करून पुढे जातात. काही नुसता आकडा उचलतात. काहींनी त्या पेपरची तपासणीची पद्धत घेऊन स्वतःच्या विषयातली जर्नलं तपासलेली असतात आणि काहींनी त्याच्याशी वाद घातलेला असतो. पद्धत वापरणारा एक पेपर मला ओझरत्या पन्नास उल्लेखांपेक्षा मोलाचा वाटतो आणि तसं वजन द्यायचं ठरवलंत तर ते का दिलं हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

मराठीतला मागही काढा. ‘प्रीडेटरी’, ‘प्रिडेटरी’, ‘बोगस जर्नल’, ‘बनावट नियतकालिके’, ‘फेक जर्नल’ अशी सगळी रूपं टाकून शोधा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या मराठी प्रबंधांत आणि वृत्तपत्रांच्या जुन्या बातम्यांत जे सापडेल ते सायटेशनच्या डेटाबेसमध्ये सहसा नसतं. ते हातानेच गोळा करावं लागतं.

या क्षेत्रातल्या दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालाची बोगस जर्नलांची प्रसिद्ध यादी त्याच्या ब्लॉगवर होती आणि जानेवारी २०१७ मध्ये ती बंद झाली. तिचा प्रभाव प्रचंड होता, पण सायटेशनमध्ये त्याचा जेमतेम अंश दिसतो. जुनी पानं पाहायला वेबॅक मशीन हे वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ वापरा. दुसरी अडचण, एकाच कामाच्या दोन नोंदी. माखाचेक आणि स्रहोलेत्स या चेक अभ्यासकांचा स्कोपसमधल्या प्रीडेटरी जर्नलांवरचा पेपर २०२१ मध्ये ‘सायंटोमेट्रिक्स’ने मागे घेतला आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जर्नलमध्ये आला. त्याची सायटेशन दोन्हीकडे विभागली आहेत. एकच नोंद मोजलीत तर उत्तर चुकतं.

पायरी ४ : धोरणाचा माग काढा, आणि घाईने श्रेय देऊ नका

आता तारखा एकाखाली एक लिहा. जानेवारी २०१७ : यूजीसीची मान्यताप्राप्त यादी. मार्च २०१८ : ‘करंट सायन्स’मधला पेपर. २ मे २०१८ : यूजीसीने यादीतून ४,३०५ जर्नलं काढली. नोव्हेंबर २०१८ : केअर या जर्नल पारखण्याच्या नव्या व्यवस्थेची घोषणा. जून २०१९ : केअर यादी सुरू, तिचा कारभार सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. फेब्रुवारी २०२५ : केअर यादी बंद झाल्याचं यूजीसीने जाहीर केलं. जर्नल पारखण्याचे निकष सुचवले आणि निर्णय संस्थांवर सोपवला.

मार्चमध्ये पेपर, मेमध्ये कारवाई आणि नोव्हेंबरमध्ये केअर, म्हणजे हे सगळं पेपरमुळेच झालं, असं वाटणं साहजिक आहे. थांबा. त्याच वर्षी जुलैमध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने या धंद्यावर शोधमालिका छापली. त्याच वर्षी पटवर्धन स्वतः यूजीसीचे उपाध्यक्ष झाले. मग केअरचं श्रेय पेपरला, बातम्यांना की माणसाला? माझ्या मते तिघांचाही वाटा नोंदवावा आणि प्रत्येकासाठी कागद शोधावा. नोटिशीत पेपरचा उल्लेख आहे का? समितीवर कोण होतं? अधिकृत भाषणांत, मुलाखतींत काय म्हटलंय?

हीच काळजी जगभरच्या उदाहरणांतही लागते. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन याने ‘सायन्स’साठी ढोबळ चुका असलेला एक बनावट पेपर थोड्याफार फरकाने ३०४ जर्नलांना पाठवला आणि १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. पुढे डीओएजे या खुल्या जर्नलांच्या निर्देशिकेने सगळ्यांना नव्याने अर्ज करायला लावले आणि २०१६ मध्ये सुमारे ३,३०० जर्नलं काढून टाकली. हा बोहॅननचा परिणाम म्हणावा, तर नव्या निकषांचा मसुदा निर्देशिकेने त्याचा लेख यायच्या आधीच चर्चेला ठेवला होता. लेखाने जोर लावला असेल, सुरुवात केली नाही. अहवालात असंच तोलून लिहायचं.

दिल्लीची नोटीस निघाली म्हणजे ती उदगीरला पोचली असं नाही. विद्यापीठाची परिपत्रकं गोळा करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्हींच्या वेबसाइटवर बरीच सापडतील. कृषी संशोधन मोजायचं असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे नियम वेगळे पाहा. जे मिळणार नाही त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच, शुल्क १० रुपये. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका, परिपत्रकाचा विषय आणि काळ लिहा. नोटिशीची तारीख आणि परिपत्रकाची तारीख यांतलं अंतर हेही एक मोजमापच आहे.

पायरी ५ : जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या नोंदी तपासा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. हिचा कच्चा माल उघड्यावर पडलेला आहे आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. नॅक या मूल्यांकन संस्थेसाठी कॉलेजं दरवर्षी जो एक्यूएआर म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल भरतात, त्यातल्या तिसऱ्या निकषात प्राध्यापकांच्या पेपरांचा तक्ता असतो : पेपरचं नाव, लेखक, विभाग, जर्नल, वर्ष, आयएसएसएन आणि यूजीसीच्या नोंदीची लिंक. कॉलेजांच्या वेबसाइटवर हे तक्ते बहुतेक मिळतात. एका जिल्ह्यातली दहा-बारा कॉलेजं घ्या. २०१८ च्या आधीची दोन-तीन वर्षं आणि नंतरची तीन-चार वर्षं असे दोन गट करा.

मग त्याच २०१८ च्या पेपरच्या चाळण्या इथे लावा. सुरुवात आयएसएसएनपासून. आठ अंकी क्रमांकातला शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो, त्यामुळे अगदी ठोकून दिलेला नंबर एक्सेलमध्येच पकडता येतो. ‘करंट सायन्स’चा ००११-३८९१ घेऊ. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा : ०, ०, ६, ५, १२, २४, १८, एकूण ६५. ६५ ला ११ ने भागल्यावर बाकी १० उरते. ११ मधून १० वजा केले की १. शेवटचा अंक १ आहे, नंबर जुळला. वजाबाकीचं उत्तर १० आलं तर अंकाच्या जागी इंग्रजी एक्स असतो आणि बाकी शून्य आली तर शेवटचा अंक शून्य.

नंबर जुळला म्हणजे काम संपलं असं नाही. दुसऱ्याच जर्नलचा नंबर छापणारेही आहेत. म्हणून आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर नंबर टाका आणि त्यापुढचं नाव जुळतं का पाहा. शिवाय आयएसएसएन मिळाला म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं, हा आपल्याकडचा घट्ट गैरसमज आहे. तो फक्त ओळख क्रमांक आहे.

पुढे संपादक मंडळातली दोन नावं निवडा आणि ती माणसं त्या त्या संस्थेच्या पानावर खरोखर आहेत का बघा. पत्ता शोधा. पेपर मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख छापली असेल तर दोन्हींतलं अंतर नोंदवा. इथे एक पथ्य पाळा. जर्नल आज कसं आहे यावरून २०१६ चा निवाडा करू नका. वेबॅक मशीनवर त्या वर्षीचं पान शोधा. केअर यादीही बदलत राहिली, तेव्हा पेपर छापला त्या महिन्यात जर्नल यादीत होतं का, तेच धरायचं.

क्लोन जर्नलांपासून फार सांभाळा. खऱ्या, जुन्या जर्नलच्या नावाने आणि त्याच्याच आयएसएसएनने कुणीतरी खोटी वेबसाइट काढतं आणि पैसे उकळतं. केअरच्या संकेतस्थळावर अशा क्लोन जर्नलांची यादीच ठेवावी लागली होती. अशा ठिकाणी पेपर दिलेला प्राध्यापक फसवला गेलेला असतो. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा, त्याला बोगसवाल्यांत ढकलू नका.

दोन गटांत फरक दिसला तरी लगेच आनंदून जाऊ नका. मधल्या काळात बाकीचंही बदललं. पीएच.डी.साठी एक पेपर छापण्याची सक्ती यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत होती, २०२२ च्या नियमांत ती गेली. करोनात सेमिनार ऑनलाइन झाले. या कारणांनीही पेपरांची संख्या हलते. म्हणून विषयवार तुलना करा. रसायनशास्त्र आणि मराठी, प्राणिशास्त्र आणि राज्यशास्त्र. सक्तीचा नियम सगळ्यांना सारखाच होता, मग बदल एका विषयात झाला आणि दुसऱ्यात नाही, तर त्याचं कारण वेगळं शोधावं लागेल.

पायरी ६ : माणसांशी बोला

‘सर, तुम्ही बोगस जर्नलमध्ये पेपर दिला होता का?’ असं विचारलंत की दार बंद झालं. विचारायचं ते असं : ‘मॅडम, शेवटचा पेपर कुठे द्यायचा हे कसं ठरवलंत? कुणाला विचारलंत? आधी दुसरं कुठलं जर्नल मनात होतं का? ते का सोडलं?’ बोलणं मोकळं झालं की शेवटी विचारा, की या जर्नलांविषयी कुठे काही वाचलं होतं का आणि ते कुठे.

उत्तरांवरून साखळी काढा. मूळ पेपर वाचलेला माणूस विरळा भेटेल. कुणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली यादी सांगेल, कुणी गाइडने दिलेली ताकीद, कुणी ग्रंथपालांनी नोटीस बोर्डावर लावलेला कागद. त्या प्रत्येकाला जाऊन विचारा, तुम्हाला हे कुठून कळलं? एक-एक दुवा मागे जात राहिलात की कधी थेट संशोधनापर्यंत पोचाल, कधी वाटेत धागा तुटेल. तुटला तर कुठे तुटला ते लिहा, कारण पुढचं काम तिथेच करायचं असतं.

सीएचबीवरच्या प्राध्यापकांशी वेगळं आणि निवांत बोला. त्यांच्यावरचा दाब कायम प्राध्यापकांना कळणं कठीण आहे. नावं, कॉलेज, पेपरचं शीर्षक, काहीही छापायचं नाही. लेखी संमती घ्या आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्या. एक्यूएआर सार्वजनिक आहे म्हणून त्यातल्या माणसाला चव्हाट्यावर आणायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

पायरी ७ : उलटे परिणामही मोजा

बऱ्याच अभ्यासांत हे राहून जातं. संशोधनामुळे याद्या आल्या आणि याद्यांमुळे ‘केअर लिस्टेड’ हा शिक्काच विकण्याजोगा झाला. क्लोन जर्नलांचा धंदा त्यावरच पोसला गेला. हाही संशोधनाचाच परिणाम, कुणी मागितला नसला तरी.

मला जास्त टोचते ती गोष्ट मराठीतल्या छोट्या नियतकालिकांची आहे. गंगाखेडच्या जनाबाईवर, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या एखाद्या गावावर किंवा मराठवाड्याच्या बोलीवर काम करणाऱ्याचा वाचक मराठीत आहे. पदरमोड करून, प्रामाणिकपणे चालवलेल्या अंकाकडे डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) नसतो, कधी वेबसाइटही नसते. चाळण्या वेबसाइट बघून लावल्या की असा अंक ठगांच्या रांगेत जाऊन बसतो आणि लेखक त्याच्याकडे पाठ फिरवतात. म्हणून यादीबाहेर राहिलेल्या दोन-चार मराठी अंकांच्या संपादकांना भेटा. २०१७ नंतर लेख येणं कमी झालं का, कोणत्या लेखकांनी येणं थांबवलं, ते विचारा. जुने अंक मागून घ्या आणि दरवर्षीच्या लेखकांची नावं मोजा. हा तक्ता दुसऱ्या कुठल्याही डेटाबेसमधून मिळणार नाही.

लिहायला बसाल तेव्हा

सगळं एकत्र करून एकच गुण काढायच्या फंदात पडू नका. सायटेशन, धोरण, जिल्ह्यातला बदल आणि उलटे परिणाम हे चार भाग वेगळे ठेवा आणि प्रत्येकात पुरावा किती पक्का आहे ते लिहा : कागद आहे, माणसाने सांगितलं, की नुसती वेळ जुळते. पडताळणीची एक्सेल फाइल नावं काढून सोबत जोडा, म्हणजे पुढच्या वर्षी बीडचा किंवा धाराशिवचा विद्यार्थी तुमचीच पद्धत लावून पाहील. आणि ज्या कॉलेजांचे तक्ते वापरलेत, त्यांच्या ग्रंथपालांना निष्कर्षांचं दोन पानी मराठी टिपण नेऊन द्या. जर्नल निवडताना प्राध्यापक आधी त्यांच्याच टेबलाशी येतात.